धरणाचा मासा रुंद अन् नदीचा लांबट, यामागची जुनी गोष्ट

नाशकात मासे घेताना मावशी म्हणाली, "हा गंगापूर धरणाचा, बघ पोटाला कसा रुंद, नदीचा असता तर लांबट निघाला असता." ऐकायला बाजारातली बात वाटते पण हेच सिद्ध करायला शास्त्रज्ञांना शंभरेक वर्षं लागली.

आधी सगळा भर नावं देण्यावर होता. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्सनी १८३९ मध्ये दख्खनचे मासे नोंदवले, आणि गंमत म्हणजे नावं आपल्याच लोकांची उचलली, खुद्री, शिंगटी, कोळस वगैरे तशीच लॅटिनमध्ये घुसवली. पण त्या काळी नमुना हातात घ्यायचा, वर्णन लिहायचं, विषय संपला. एकच जात दोन पाण्यांत वेगळी दिसली तर ती कटकट वाटायची.

मग अमेरिकेत मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्जनी १९२२ च्या सुमारास दाखवलं की थंड पाण्यात पिल्लाची वाढ हळू होते तेव्हा मणके जास्त निघू शकतात, आणि पुढे १९४१ मध्ये वाहतं आणि साचलेलं पाणी अंगकाठी कशी बदलतं ते मांडलं. आपल्याकडे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी १९३० मध्येच डोंगरातल्या धबाधब वाहणाऱ्या ओढ्यांतल्या माशांवर लिहिलं होतं, खाली चपटं अंग, खडकाला चिकटून राहणारे पर, म्हणजे प्रवाहाने ओढून नेऊ नये म्हणून.

तरी खात्री कशी करणार? लांबी-रुंदी मोजून मोठा मासा अन् रुंद मासा यात गल्लत व्हायची. १९८२ मध्ये स्ट्रॉस आणि बुकस्टीननी अंगावर ठरावीक खुणा धरून त्यांच्यातली अंतरं जाळ्यासारखी मोजायची पद्धत दिली, म्हणजे मासा केवढा आहे ते बाजूला काढून नुसती अंगाची घडण बघता येते. आणि १९९२ ला स्वीडनमधला भारी प्रयोग, तळ्यात शिकारी पाईक मासा सोडला तर तिथले क्रुशियन कार्प काही आठवड्यांत उंच अंगाचे, म्हणजे मावशीच्या भाषेत रुंद झाले, शिकाऱ्याच्या तोंडात मावेनात! जनुकं तीच, फक्त शेजारी बदलला.

धरणांचा नंबर उशिरा लागला. अमेरिकेतल्या रेड शायनर या छोट्या माशावर २०११ मध्ये अभ्यास छापून आला, ओढ्यातल्यांपेक्षा धरणाच्या पाण्यातले मासे रुंद अंगाचे आणि लहान डोक्याचे निघाले.

म्हणजे मावशीचं म्हणणं एरवी बरोबरच की. फक्त गाभोळीने पोट सुटलेला मासापण रुंदच दिसतो, आणि तिने हातात धरलेला होता कटला, तो बीज सोडून वाढवलेला आणि जातीनेच रुंद, नदीत टाकला असता तरी लांबट झाला नसता.