फंक्शन बोलावतं कोण?

एआय आता आपणहून हॉटेलची खोली बुक करतो, असं गोव्याच्या पर्यटन व्यवसायात हल्ली मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. खोली बुक होते हे खरं. पण ती एआय करत नाही, आणि या तंत्राचं सौंदर्य नेमकं त्यातच आहे.

या एआयच्या मुळाशी असलेलं भाषा मॉडेल (मजकूर वाचून पुढचा मजकूर तयार करणारा प्रोग्राम) फक्त मजकूर लिहितं. समजा, काणकोणच्या एका होमस्टेच्या वेब अ‍ॅपमध्ये 'खोली_शोधा' हे फंक्शन, म्हणजे एक ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, आहे. अ‍ॅप मॉडेलला फंक्शनचं नाव, ते काय करतं याचं एका वाक्यातलं वर्णन आणि त्याला लागणारी माहिती (येण्याची तारीख, जाण्याची तारीख, माणसं किती) जेसनमध्ये (माहिती नाव आणि मूल्य अशा जोड्यांत लिहिण्याची पद्धत) लिहून पाठवतं. फंक्शनचा कोड पाठवत नाही. तुम्ही विचारता, "शनिवारी एका रात्रीसाठी पाळोळ्याला दोघांना खोली मिळेल?" मॉडेल उत्तराऐवजी जेसनचा तुकडा लिहितं: फंक्शनचं नाव, दोन तारखा, माणसं 2. आणि थांबतं. (आजची तारीखही त्याला सांगावी लागते, नाहीतर कुठला शनिवार हे त्याला कळणार कसं?)

पुढचं सगळं साधा प्रोग्राम करतो. नाव यादीत आहे का, तारखा बरोबर आहेत का, विचारणाऱ्याला परवानगी आहे का, हे तपासून तो फंक्शन चालवतो. आलेलं उत्तर संभाषणाला जोडून सगळं पुन्हा मॉडेलला वाचायला देतो. तेव्हा कुठे "हो, एक खोली आहे" हे वाक्य उमटतं. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, औषध फार्मसीवाला काढून देतो, तसंच हे.

दुसऱ्या यंत्रावरचं फंक्शन बोलावणं, म्हणजे ते चालवायला सांगणं, जुनंच आहे. बिरेल आणि नेल्सन या संगणकशास्त्रज्ञांचा त्यावरचा प्रसिद्ध शोधनिबंध 1984चा. तेव्हा कुठलं फंक्शन केव्हा बोलवायचं हे प्रोग्रामर आधीच ठरवून ठेवी. आता मॉडेल वर्णन वाचून निवड करतं, म्हणून ते एक वाक्य कोडइतकंच काळजीपूर्वक लिहावं लागतं. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024मध्ये आणलेल्या एमसीपीने (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) या देवाणघेवाणीला सामायिक नियम दिले. त्याचे निरोप जेसन-आरपीसी 2.0 या, जेसनमधून फंक्शन बोलावण्याच्या ठरलेल्या साच्यात जातात.

कुंडली सांगणारे चॅटबॉटही हेच तंत्र वापरू शकतात. ग्रहांची स्थिती काढणारं फंक्शन खगोलगणिताने अचूक आकडे देईल. त्यापुढचं भविष्य म्हणजे मॉडेलने जुळवलेली वाक्यं. आकडे खरे म्हणून भाकीत शास्त्रीय ठरत नाही.

'खोली_शोधा' दोनदा चाललं तर बिघडत नाही. 'खोली_बुक_करा' दोनदा चाललं तर पैसे दोनदा कापले जातील. म्हणून अ‍ॅप प्रत्येक बुकिंगला वेगळा क्रमांक देतं. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर फंक्शन न चालवता पहिलंच उत्तर परत पाठवतो. पैसे कापण्याआधी माणसाचा होकार घेण्याची अटही प्रोग्राममध्येच हवी. मॉडेलला नुसतं "आधी माणसाला विचार" असं बजावणं पुरेसं नाही, कारण ते कधीतरी विचारायचं राहून जातं.