वादळ थांबलं, तरी गच्चीवर लगेच जाऊ नका

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ समुद्रातूनच गुजरातकडे सरकत होतं, तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले होते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीत संध्याकाळी वारा जरा पडला आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका टॉर्च घेऊन निघाले. "शेड वाजतेय रे, बघून येतो." मी जिन्यातच त्यांना हाताला धरून थांबवलं. सकाळी उजेडात पाहिलं, तर एक पत्रा एकाच बोल्टवर लटकत होता. त्याची कड बरोबर गच्चीच्या दारासमोर, छातीच्या उंचीवर झुलत होती.

ठाण्यात जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीवर अशी शेड असते, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. वारा पत्रा ढकलून पाडतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो पत्रा वर ओढतो. शेडच्या कडेवरून जोरात जाणारा वारा पत्र्यापासून सुटतो, तिथे हवेचा दाब घटतो, आणि बाजूंनी उघड्या शेडमध्ये शिरलेला वारा खालूनही रेटतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५४ किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण १४ किलो वजनाइतका दाब येतो. वेग दुप्पट, म्हणजे १०८ झाला की तो ५५ किलोच्या आसपास जातो. तीन फूट बाय दहा फुटांच्या पत्र्यावर ढोबळमानाने दीडशे किलोंची ओढ, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम दहा-बारा किलो! सगळा भार बोल्टवर. पत्रा रात्रभर फडफडला की बोल्टभोवतीचं गोल भोक लांबट होतं, वॉशर त्यातून निसटायला येतो. मग दुसऱ्या दिवशीची साधी झुळूकही पुरते. म्हणून पहिली पाहणी खालून किंवा समोरच्या इमारतीतून, मोबाईलचा कॅमेरा झूम करून करायची. एसीच्या बाहेरच्या युनिटचं स्टँड, डिश, ग्रिलवरच्या कुंड्या, सगळं तसंच लांबून. गच्चीवर सोलर पॅनल असतील तर त्यांना हात लावूच नका. मेन बंद असला तरी ऊन पडलं की त्यांत वीज तयार होतच असते.

घरात पाऊल टाकताना आधी भिंत बघा, बटण नंतर. पाऊस आडवा येतो तेव्हा स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतून आत येतो आणि भिंतीतल्या वायरच्या पाइपमधून स्विचबोर्डापर्यंत पोचतो. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा विरोध हजारो ओहम असतो, ओल्या त्वचेने तो हजारापर्यंत उतरू शकतो. मग २३० व्होल्टला शरीरातून दोनशे मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाऊ शकतो. घरातला आरसीसीबी (विजेच्या पेटीतला सुरक्षा-स्विच) ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच वीज तोडतो, तो याच कारणाने. तेव्हा तो सारखा पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. कुठेतरी पाणी शिरलंय हेच तो सांगतोय. वायरमन येईपर्यंत तसाच राहू द्या. मीटररूममध्ये पाणी साचलं असेल तर आत न जाता वीज कंपनीला कळवा.

गॅसचं थोडक्यात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे चढतो. वास कुठलाही आला तरी रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि दिव्याचं बटण चालू नाही की बंद नाही. फोन बाहेर जाऊन करा, सिलिंडर असेल तर १९०६ वर, पाइपचा गॅस असेल तर गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर.

सगळ्यात फसवी असते स्लॅबची ओल. आपल्याकडे गच्चीवर विटांचे तुकडे घालून कोबा करतात. भेगेतून शिरलेलं पाणी त्या विटांत मुरून बसतं आणि दोन-चार दिवसांनी, पाऊस थांबल्यावर, खाली ठिबकायला लागतं. तेही भेगेच्या बरोबर खाली नाही, तर उतार नेईल तिथे. म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी छत आज बघावं आणि आठवड्याने पुन्हा बघावं. फॉल्स सीलिंगला पोट आलं असेल तर त्यात पाणी साठलेलं असू शकतं, त्याखाली उभं राहू नये.

जुन्या स्लॅबला झाडूच्या दांड्याने, बाजूला उभं राहून, हलकेच ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय, आणि त्यामागे सळई गंजलेली असू शकते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. कोपरी, ऐरोली, वाशीसारख्या खाडीलगतच्या भागांत हवेतलं मीठ याला हातभार लावतं. भेगांचंही तसंच. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या भेगांनी घाबरायचं कारण नाही, पण कॉलम किंवा बीमवर तिरकी, नवी भेग दिसली तर खोली रिकामी करून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. दार अडकतंय म्हणून लगेच धसका घेऊ नका, पावसाळ्यात लाकूड फुगतंच. मात्र ते एकाच कोपऱ्यात घासत असेल आणि चौकटीच्या त्याच कोपऱ्यावर ताजी भेग असेल, तर सोसायटीला लेखी कळवा. तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. वादळानंतरच्या या नोंदी ऑडिट करणाऱ्याच्या फार उपयोगी पडतात.

आमच्या जिन्यात प्लास्टरवर एक भेग आहे. तिच्या दोन्ही टोकांना त्या सकाळी काकांनी पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी १८/५/२१ अशी तारीख घातली. मधे जिन्याला रंग दिला, तेव्हा तेवढा चौकोन त्यांनी रंगवू दिला नाही. दर पावसाळ्यात ते चष्मा लावून तिथे उभे राहतात. भेग अजून रेघांच्या आतच आहे.