राज्य आलं १८१८ला, पैसा आला १८३५ला

अमळनेर तालुक्यात कपाशीचं रान नांगरताना माझ्या मामेभावाला हिरवी पडलेली एक चकती सापडली. फोटो पाठवून त्याने एवढंच विचारलं, "भाऊ, हाई काय शे?" नुसत्या पाण्याखाली धरल्यावर ढाल दिसली, ढालीच्या दोन्ही अंगांना निशाणं धरलेले सिंह आणि तळाशी १८३५. कंपनी सरकारचा पाव आणा, म्हणजे तेव्हाचा एक पैसा.

नाण्यावरच्या या सालाला खानदेशात वेगळा अर्थ आहे. जानेवारी १८१८मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांचा इथला मुलूख इंग्रजांकडे गेला. फेब्रुवारीअखेर थाळनेरला लढाई झाली, तिथल्या किल्लेदाराला फाशी दिली गेली. अमळनेरच्या गढीतली अरब शिबंदीही त्याच वर्षी शरण आली. कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्याला बसून कारभार पाहू लागला. राज्य बदललं, बाजारातलं नाणं मात्र तेच राहिलं. चांदवडच्या टांकसाळीचा रुपया आणि तांब्याची शिवराई यांवरच व्यवहार चालत होता. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असलेली ही शिवराई पेशवाईतही पाडली जात होती आणि पेशवाई गेल्यावरही हातोहात फिरत राहिली. टांकसाळ बदलली की रुपयाचा भाव बदले आणि सराफ त्यावर बट्टा कापून घेई. सारा भरणाऱ्या कुणब्याला हा बट्टा चांगलाच जाचत असणार.

कंपनीचे पैसे मुंबईकडे आधीपासून होते. एका बाजूला तराजू आणि त्याच्या दोन पारड्यांमध्ये फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. शेतात तराजूचा पैसा सापडला तर तो १८३५च्या आधीचा समजायला हरकत नाही. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांची वेगवेगळी नाणी मोडून साऱ्या मुलखाला एकच रुपया लागू झाला तो १८३५च्या कायद्याने. १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा वजन, त्यात बारातले अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. तोळ्याचं माप म्हणून दुकानदार तराजूत रुपयाच टाकत. खाली अधेली म्हणजे अर्धा रुपया, पावली म्हणजे पाव रुपया, चवली म्हणजे दोन आणे. तांब्यात ढब्बू म्हणजे अर्धा आणा, मग पैसा आणि सर्वांत धाकटी पै.

ओळखायचं असेल तर मूर्तीपेक्षा आधी अक्षरं पाहावीत. 'ईस्ट इंडिया कंपनी' असेल तर नाणं कंपनीच्या अमदानीचं. १८५८ला कारभार राणीकडे गेला, पण राणीच्या सरकारची नाणी १८६२पासून निघाली. त्यांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' आहे. १८७७पासून 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. राणीछाप रुपयात एक गंमत आहे. १८६२ हे साल पुढची बरीच वर्षं साच्यावर तसंच ठेवलं होतं, आणि मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून सालाखाली बारीक ठिपके दिले. भिंग घेऊन ते मोजत बसणारे शौकीन मी पाहिले आहेत. पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड मिळाली. भोकाचा पैसा १९४३चा, महायुद्धात धातू वाचवण्यासाठी काढलेला.

नाणं रानात आलं कसं, हे कोडं फारसं अवघड नाही. उन्हाळ्यात काळी जमीन हातभर भेगाळते, कनवटीचा पैसा पडला की गेलाच. शिवाय पडक्या गढीची, जुन्या गावठाणाची पांढरी माती खत म्हणून शेतात ओढायची रीत होती. चुलीजवळ किंवा भिंतीत पुरलेलं त्या मातीबरोबर गाडीत भरून शेतात आलं. पण अख्खं गाडगं लागलं तर कायदा आडवा येतो. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गावोगाव दाखवलं जाणारं सर्वांत 'जुनं' नाणं मात्र वेगळंच असतं: एका अंगाला राम दरबार किंवा हनुमान, दुसऱ्या अंगाला 'ईस्ट इंडिया कंपनी, वन आना, १८१८'. भाव लाखांत सांगतात, तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं म्हणतात. कंपनीने राम दरबार किंवा हनुमानाची अशी आण्याची नाणी पाडलेलीच नाहीत. १८३५च्या नाण्यांतही अख्ख्या आण्याचं नाणं नव्हतं; ते आलं १९०७ला, निकेल मिसळलेलं, काठ नागमोडी. आणि १८१८ला तर इथला बाजार चांदवडी रुपयावर चालला होता. ज्याने हा ठसा घडवला त्याला खानदेशचा इतिहास माहीत नसावा, की गिऱ्हाईकाला तो माहीत नाही याची खात्री असावी, कोण जाणे.

भावाचं नाणं सराफाच्या काट्यावर ठेवलं. अस्सल पाव आणा १०० ग्रेनचा, ६.४८ ग्रॅमचा, हा झिजून सहाच्या थोडा वर भरला. लाखोंनी पाडलेलं नाणं, शौकीन शे-दोनशे देईल. पण फोटो पाठवल्यानंतर वहिनीने कळंक जावा म्हणून चिंच लावून एक बाजू लख्ख घासली होती. सिंह गुळगुळीत झाले, साल पुसट झालं. 'वन क्वार्टर आना'ची बाजू तेवढी हिरवी राहिली होती, ती वाचली.