रॅली गेमवर नाव कोणाचं?

ठाण्यात ‘आज रॅली आहे’ असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग तलावपाळीचा रस्ता बंद का?’ आपल्याकडे रॅली म्हणजे झेंडे, फेटे, कर्कश बाइक आणि तीन हात नाक्यापर्यंत तुंबलेलं ट्रॅफिक. रॅलीचा अधिकृत व्हिडिओ गेम आता दुसऱ्या कंपनीकडे चाललाय ही बातमी मी घरात वाचून दाखवली, तेव्हा आईने विचारलं, ‘कुठल्या पक्षाची रॅली?’ तिचं काही चुकलं नाही.

मोटार रॅलीतही रस्ता बंद करतात, पण तिथे गाड्या एकेक करून सोडतात. समोर प्रतिस्पर्धी नसतो, घड्याळ असतं. बंद केलेल्या रस्त्याच्या अशा तुकड्याला स्टेज म्हणतात. ड्रायव्हरच्या शेजारी को-ड्रायव्हर बसतो आणि आदल्या दिवसांत रस्ता पाहून लिहून ठेवलेल्या पेसनोट्स वाचत जातो. उपवनकडून येऊरला चढणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा: ‘शंभर मीटर, डावं चार, चढापलीकडे उजवं तीन, आत कापू नको.’ आकडा वळण किती तीव्र आहे ते सांगतो. हे सगळं वळण दिसायच्या आधी ऐकायचं आणि ऐकलेल्यावर विश्वास ठेवून गाडी फेकायची. या खेळाचे व्हिडिओ गेम तीस-पस्तीस वर्षं निघतायत, त्याचं कारण हेच. एक माणूस, एक रस्ता आणि कानात एक आवाज. कॉम्प्युटरला यापेक्षा सोयीचं काय हवं?

आता बातमी. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप, म्हणजे डब्ल्यूआरसी, हिच्या अधिकृत गेमचा परवाना ईए ही अमेरिकी गेम कंपनी आणि तिच्या मालकीच्या कोडमास्टर्सकडे होता. २०२५ च्या ऐन उन्हाळ्यात कोडमास्टर्सने डब्ल्यूआरसीचे गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर फ्रान्सच्या नेकॉनने २०२७ पासून परवाना आपल्याकडे येणार असल्याचं सांगितलं. नेकॉनकडे तो आधीही होता. म्हणजे पोळीभाजीचं कंत्राट जुन्याच काकूंकडे परत गेलं. हे कंत्राट इतक्यांदा का फिरलं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

मोंटे कार्लो रॅली १९११ पासूनची. अशा सुट्या सुट्या मोठ्या रॅली एका माळेत ओवून १९७३ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली त्याच माळेतली. ती सर्वाधिक, पाच वेळा, जिंकणारा माणूस शेखर मेहता. युगांडातल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला हा मुलगा इदी अमीनच्या काळात केनियाला गेला, १९७३ मध्ये सफारी जिंकला आणि मग १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं जिंकला. मोटारस्पर्धांमधलं भारतीय नाव विचारलं की आपण फॉर्म्युला वनकडे धावतो आणि मेहतांना विसरतो, हे मला नेहमी खटकतं. भारतातही १९८० मध्ये मुंबईच्या नाझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली होती, परदेशी ड्रायव्हर तिच्यात उतरायचे. पण डब्ल्यूआरसीची फेरी भारतात कधी झाली नाही, आणि म्हणून अधिकृत गेममध्ये भारतातली स्टेजही कधी आली नाही.

गेमचा खरा धडाका नव्वदच्या दशकाच्या मध्यातल्या सेगा रॅली चॅम्पियनशिपपासून. आर्केडमधलं ते मशीन. टोयोटा सेलिका आणि लान्चिया डेल्टा अशा दोन गाड्या, वाळवंट, जंगल आणि डोंगर असे तीन रस्ते, शिवाय एक दडवलेला. माती, खडी आणि डांबर यांवर गाडीची पकड वेगवेगळी लागते, हे बोटांना पहिल्यांदा त्या मशीनने शिकवलं. नावात ‘चॅम्पियनशिप’ असली तरी डब्ल्यूआरसीशी त्याचा संबंध नव्हता. गाड्या खऱ्या, स्पर्धा काल्पनिक.

आमच्या पिढीला रॅली कळली ती मात्र १९९८ च्या कॉलिन मॅक्रे रॅलीने. २००२ च्या सुमारास नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन आम्ही त्याचा पुढचा भाग खेळायचो. सीडी अर्थात स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरची, प्लास्टिकच्या पिशवीतली. परवाना नावाची काही भानगड असते हे त्या पिशवीवर कुठे लिहिलेलं नव्हतं! ‘मॅकरे’ हे आम्हाला गाडीचं नाव वाटायचं. तो स्कॉटलंडचा हाडामांसाचा ड्रायव्हर आहे, १९९५ मध्ये सुबारू इम्प्रेझा चालवत जगज्जेता झाला, ते जिंकणारा पहिला ब्रिटिश तोच, आणि गेममध्ये कानात ओरडणारा आवाज त्याचा खराखुरा को-ड्रायव्हर निकी ग्रिस्ट याचा, हे फार नंतर समजलं.

कोडमास्टर्सने तेव्हा केलं ते असं: अजिंक्यपदाचं नाव न घेता एका माणसाचं नाव घेतलं. यामागचं व्यवहाराचं गणित समजायला डेव्हिड रिचर्ड्स हे नाव लक्षात ठेवावं लागतं. रिचर्ड्स स्वतः को-ड्रायव्हर. १९८१ मध्ये आरी वातानेन जगज्जेता झाला तेव्हा शेजारच्या सीटवर तेच होते. पुढे त्यांनी प्रोड्राइव्ह ही कंपनी काढली आणि याच कंपनीने सुबारूची रॅली टीम चालवली, मॅक्रेला जगज्जेता केलं. मग २००० मध्ये रिचर्ड्सनी आयएससी ही कंपनी विकत घेतली. डब्ल्यूआरसीचे व्यापारी हक्क तिच्याकडे होते. टीव्ही, जाहिराती आणि अर्थातच व्हिडिओ गेम. लगेच २००१ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन-टूवर एव्होल्यूशन स्टुडिओज या ब्रिटिश कंपनीचा अधिकृत डब्ल्यूआरसी गेम आला. म्हणजे रिचर्ड्सच्याच टीमने घडवलेल्या ड्रायव्हरचं नाव एका कंपनीच्या डब्यावर आणि रिचर्ड्सनी विकलेला परवाना दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर, असे दोघे दुकानात समोरासमोर उभे राहिले.

सोनीच्या गेममध्ये त्या मोसमाच्या खऱ्या रॅली, खऱ्या टीम, खरे ड्रायव्हर. २००१ ते २००५, दरवर्षी एक, असे पाच गेम निघाले. चांगले होते. आमच्या ओळखीत मात्र ते एकाच मित्राकडे होते, कारण नकली सीडी चालवणारी चिप बसवलेला प्लेस्टेशन-टू त्याच्याचकडे होता आणि त्याच्या घरी जायचं तर आधी त्याच्या आजीला परीक्षेचे मार्क सांगावे लागायचे.

त्याच काळात, २००४ मध्ये, रिचर्ड बर्न्स रॅली आला. बर्न्स हाही सुबारूचाच, २००१ चा जगज्जेता. पुन्हा माणसाचं नाव. गेम दुकानात आला तेव्हा बर्न्स मेंदूच्या ट्यूमरशी झुंजत होता. २५ नोव्हेंबर २००१ ला त्याने अजिंक्यपद जिंकलं होतं आणि २५ नोव्हेंबर २००५ ला तो गेला. गेम इतका अवघड की पहिल्या वळणावर झाडाला धडकणं हाच बहुतेकांचा अनुभव. खप फार नव्हता, पुढचा भाग निघाला नाही. पण त्यातली गाडी खऱ्या गाडीसारखी वागते, हे ज्यांना कळलं त्यांनी तो सोडला नाही. चाहत्यांनी नव्या स्टेज बनवल्या, नव्या गाड्या घातल्या, गाडीच्या वजनाचं आणि टायरचं गणित नव्याने लिहिलं, हंगेरीतल्या चाहत्यांनी ऑनलाइन स्पर्धा उभ्या केल्या. वीस वर्षं उलटली तरी तो चालू आहे. रॅलीचे अधिकृत गेम त्याच्यानंतर डझनभर आले आणि गेले.

२००५ नंतर अधिकृत गेममध्ये पाच वर्षांची पोकळी पडली. ती भरली इटलीच्या माइलस्टोनने, २०१० ते २०१३, वर्षाला एक. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मधल्या काळात हक्कही रिचर्ड्सकडून नॉर्थ वन या टीव्ही कंपनीकडे गेले होते. नॉर्थ वन जिच्या मालकीची होती ती कंपनी बुडाली, तिच्या मालकाला अटक झाली आणि २०१२ च्या सुरुवातीला अजिंक्यपद अक्षरशः प्रवर्तकाविना उभं होतं. २०१३ पासून रेड बुलचा हिस्सा असलेली नवी प्रवर्तक कंपनी आली. माइलस्टोनचा परवाना गेल्यावर त्यांनी काय केलं? २०१६ मध्ये नऊ वेळच्या जगज्जेत्याच्या नावाने, सेबास्टियन लोएब रॅली इव्हो, गेम काढला. परवाना हातचा गेला की माणसाचं नाव शोधायचं, ही जुनीच वाट.

परवाना गेला पॅरिसच्या कायलोटनकडे. प्रकाशक बिगबेन, तीच पुढे नेकॉन झाली. २०१५ ते २०२२ मध्ये सात गेम. पहिले तीन यथातथाच. २०१८ मध्ये त्यांनी डब्ल्यूआरसीचा गेम काढला नाही, दोन वर्षं घेऊन २०१९ मध्ये डब्ल्यूआरसी ८ आणला, आणि तिथून गेम खरोखर सुधारला. वार्षिक परवान्याचा सगळा रोग या एका वाक्यात आहे: दरवर्षी मोसम बदलतो म्हणून दरवर्षी गेम हवा, आणि दरवर्षी गेम म्हणजे रंग नवा, रस्ता जुना.

दरम्यान कोडमास्टर्स परवान्याशिवाय डर्ट रॅली (२०१५) आणि डर्ट रॅली २.० (२०१९) काढून बसले होते. स्टिअरिंग व्हील टेबलाला आवळून खेळणाऱ्यांना हेच गेम प्रिय. २०२० मध्ये जाहीर झालं की २०२३ पासून पाच वर्षं परवाना कोडमास्टर्सला. २०२१ मध्ये ईएने १.२ अब्ज डॉलरना कोडमास्टर्स विकत घेतली आणि ३ नोव्हेंबर २०२३ ला ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी आला: ७८ गाड्या, सुरुवातीला १७ ठिकाणं, तीस किलोमीटरहून लांब स्टेज. एवढ्या लांब स्टेज त्यांच्या जुन्या घरच्या इंजिनाला, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याला, पेलत नव्हत्या, म्हणून त्यांनी बाहेरचं अनरियल इंजिन घेतलं. त्यामुळे पीसीवर सुरुवातीला गेम अडखळायचा. गाडी हवेत असताना चित्र थबकलं तर उतरायचं कुठे?

या गेममध्ये ज्या देशांची रॅली त्या वर्षीच्या मोसमात नाही, तिथल्या स्टेजही आहेत, पण खऱ्या नावाने नाहीत. कॉर्सिकाचे रस्ते ‘रॅली मेडिटेरानिओ’ या नावाने, स्पेनचे ‘आयबेरिया’, न्यूझीलंडचे ‘ओशिआनिया’. रस्ता ओळखीचा, पाटी बदललेली. परवाना म्हणजे काय, ते माझ्या मते इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं करारात दिसणार नाही. गाड्यांचं तर आणखी वेगळं: स्पर्धेचा परवाना असला तरी प्रत्येक मोटार कंपनीची परवानगी निराळी घ्यावी लागते. या परवानग्यांची मुदत संपली की गेम ऑनलाइन दुकानातून काढावा लागू शकतो. फुटपाथवरच्या सीडीला ही भीती नव्हती, हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, फरक म्हणून सांगतोय.

एक माणूस मात्र गेम आणि खरी रॅली, दोन्हीकडे वावरला. उत्तर आयर्लंडचा जॉन आर्मस्ट्राँग २०१८ मध्ये डब्ल्यूआरसीची ई-स्पोर्ट्स स्पर्धा जिंकला, खऱ्या रॅलीतही धावत राहिला, आणि कोडमास्टर्समध्ये गेम बनवायच्या कामालाही होता.

नेकॉनचा नवा गेम आला की गाड्या किती आणि चित्र किती चकचकीत, यावर पहिले आठवडाभर चर्चा होईल. ऐरोलीला राहणारा माझा मित्र तेव्हाही संध्याकाळी रिचर्ड बर्न्सच चालवत असेल. मी गेम उघडून आधी ठिकाणांची यादी बघणार आहे, कॉर्सिकाला कॉर्सिका म्हटलंय का ते.