तेलताडाच्या मळ्यात जीवमोजणी कशी आली

मलेशियातल्या तेलताडाच्या, म्हणजे पाम तेल देणाऱ्या झाडांच्या, मळेवाल्यांनी किडे-पाखरांची दखल आधी घेतली ती उत्पन्नासाठी. १९६०च्या दशकात सरसकट कीटकनाशकं फवारल्यावर पानं खाणाऱ्या, स्वतःभोवती पिशवी विणून राहणाऱ्या अळ्या उलट फोफावल्या. अळी पिशवीत सुरक्षित राहिली, तिच्यावर वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या मात्र मेल्या. मग झावळीवरच्या अळ्या मोजायच्या आणि ठरावीक संख्येच्या वर गेल्या तरच फवारायचं, अशी शिस्त आली. परजीवींना मकरंद मिळावा म्हणून रस्त्याकडेला टर्नेरा हे फुलझाड लावलं जाऊ लागलं. पुढे उंदरांसाठी गव्हाणी घुबडांच्या पेट्या आल्या, साधारण ५ ते १० हेक्टरांना एक. पण त्याच मळ्यात ब्रोडिफॅकोमसारखं उंदीरमार विष ठेवलं की ते खाल्लेले उंदीर खाऊन घुबडंही दगावतात. हे दोन्ही एकत्र चालत नाही.

जंगलाचा प्रश्न मळ्यांच्या दारात आला तो ग्राहकांच्या दबावामुळे. शाश्वत पाम तेलासाठीचं गोलमेज मंडळ, आरएसपीओ, २००४ मध्ये स्थापन झालं. 'उच्च संवर्धनमूल्य', म्हणजे निसर्गासाठी खास मोलाच्या जागा राखायच्या, ही कल्पना त्यांनी लाकूड-प्रमाणीकरणातून उचलली. मळ्यातले नदीकाठ, तीव्र उतार, जंगलाचे तुकडे राखायचे आणि त्यांवर नजर ठेवायची, हे प्रमाणपत्राच्या अटींत बसलं. २०१८ पासून जास्त कार्बन साठवणारी जंगलंही तोडायला बंदी आली.

नजर ठेवणं मात्र पुष्कळदा यादीपुरतं उरलं. २००८च्या एका आढाव्यात प्राथमिक जंगलातल्या जेमतेम १५ टक्के प्रजाती तेलताडात आढळल्या होत्या. त्यामुळे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात वाघाटी (छोटं रानमांजर) किंवा रानडुक्कर आलं, एवढ्यानं मळा निसर्गपूरक ठरत नाही. ते प्राणी तिथे उंदीर आणि पडलेली फळं खाऊन निभावतात. तुलनेला जवळच्या जंगलातही तेवढेच कॅमेरे, तेवढ्याच रात्री हवेत. कॅमेरा जमिनीपासून ३० ते ५० सेंटिमीटरवर बांधतात. समोरचं गवत कापलं नाही तर वाऱ्यानं हलणाऱ्या पात्यांचे हजारो रिकामे फोटो साठतात. भर दुपारी अंग आणि हवा यांच्या तापमानात फरक उरत नाही, तेव्हा उष्णतेवरून प्राणी ओळखणारा कॅमेऱ्याचा सेन्सर त्याला चुकवतो. शिवाय उघड्या मळ्यात प्राणी दाट जंगलापेक्षा सहज टिपला जातो. नुसते फोटो मोजले तर मळा उगाच श्रीमंत दिसतो.

अलीकडे रोख आहे तो उरलेलं राखण्यापलीकडे जाऊन मळ्यात नवी झाडं वाढवण्यावर. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरल्या जांबी प्रांतात २०१३ मध्ये एका मळ्यात ५२ 'वृक्षबेटं', म्हणजे ताडांमध्ये इतर झाडांचे तुकडे, लावली, ५ बाय ५ पासून ४० बाय ४० मीटरपर्यंत. बहुतेक बेटांवर आधी सुमारे ४० टक्के ताड काढले. २०२३च्या निष्कर्षांनुसार मोठ्या बेटांवर जीववैविध्य अधिक वाढलं, आणि एकूण मळ्याच्या पातळीवर उत्पन्न घटलं नाही.