आगोटीची बेगमी

पावसाळा तोंडावर आला की कोकणात चार महिन्यांच्या खाण्याची जी घरगुती साठवण होते, ती आगोटीची बेगमी. आगोट म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा काळ, साधारण मृग नक्षत्राच्या आगचेमागचे दिवस. पूर्वी पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, ओहोळ भरत, बाजाराची वाट बंद होई. आता वाट बंद होत नाही, पण यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते आणि कोळी दर्याला नारळ वाहून मगच समुद्रात उतरतात.

बेगमीत सुकट (सुकवलेला जवळा), सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), सुके बोंबील, खारा बांगडा, कुळीथ, सांडगी मिरची, आंबापोळी, फणसाच्या आठळ्या असा ऐवज असतो. खरा कस आमसुलांचा. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साले मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा बुडवायची, काळपट होईपर्यंत. वैशाखाचे ऊन हुकले की वर्षभराचे आमसूल गेले. बियांचेही मुठेल, म्हणजे घट्ट होणारे तेल, निघते. ते भेगाळलेल्या टाचांना लावतात.

उकड्या तांदळासाठी भात सालासकट भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग सडतात. उकडताना कोंड्यातले ब-जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्यात उतरते, म्हणून सडल्यावरही ते सगळे जात नाही. लावणीला जाण्याआधी प्यायच्या पेजेला हाच तांदूळ लागतो.

उरलेले डोंगर पुरवतो : टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, अळू, शेवळे अशा रानभाज्या. टाकळ्याच्या भाजीत साठवलेल्या आठळ्या पडतात. रानातले आणि गावचे म्हणजे आपोआप पथ्याचे, हा शहरी समज मात्र शेवळांपुढे टिकत नाही. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट न शिजवता खाल्ल्यास घसा खवखवतो. म्हणून रायगड-ठाण्याकडे शेवळांत काकड नावाची आंबट फळे घालतात. अळूला चिंच किंवा आमसूल लागते, तर भारंगीचा पाला उकडून पिळल्याशिवाय कडूपणा जात नाही. या आहाराचे आरोग्य जिनसांइतकेच अशा हातखंड्यांत आहे.

खाऱ्या मासळीबद्दलही तसेच. अख्ख्या सुकवलेल्या जवळ्यातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते, पण खाऱ्या बांगड्यातले मीठ दिवसभर चिखलात राबून घाम गाळणाऱ्याला चाले. रक्तदाब असलेल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाने तो बेतानेच खावा.

घरोघरची बेगमी आता आटली आहे. आठळ्या पुरून ठेवायला अंगण नाही आणि बोंबील फ्रिजमध्ये बारमाही असतो. रानभाज्या मात्र जूनमध्ये दादर-ठाण्याच्या बाजारांतही येतात, आणि शेवळांच्या जुड्यांशेजारी काकडांचा वाटा मांडलेला असतो.