पब्लिक हेल्थमधे पीएचडी करायची असंल तं कागदं आधी जमवा

मेळघाटातलं कुपोषण असो का गडचिरोलीतला सिकलसेल, अभ्यासाले माणसं बाहेरून येतात अन् आपल्या पोरी गावोगाव फिरून त्यांचे फॉर्म भरून देतात. त्या पोरींनीच संशोधक व्हावं असं मले लय वाटते, म्हणून हे लिहून ठेवतो.

पात्रता म्हणजे मास्टर्सले 55 टक्के. एससी, एसटी, नॉन क्रीमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस अन् दिव्यांगांना 5 टक्के सूट. 2022 च्या यूजीसी नियमाप्रमाणे चार वर्षांच्या डिग्रीवरही अर्ज चालते, पण मंग 75 टक्के पाहिजे.

नेट म्हणजे यूजीसीची पात्रता परीक्षा, ती जून अन् डिसेंबरची, विषय सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तं पहिले दोन वर्षं महिन्याले 37,000. नाही निघाली तरी हिंमत सोडू नका, 2024 पासून फक्त पीएचडीसाठी पात्र ठरवणारी कॅटेगरीही आहे, तिथं 70 टक्के नेटचे अन् 30 टक्के मुलाखतीचे धरतात, पण हा स्कोअर एकच वर्ष चालते. फेलोशिपसाठी महाज्योती, बार्टी, सारथी या राज्याच्या संस्थांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

आता कागदं, पोरं इथंच अडकतात. सगळ्या मार्कशीट, डिग्री, मायग्रेशन, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी (पडताळणी), नॉन क्रीमीलेअर. केंद्राच्या संस्थेत ओबीसीतून भरता तं राज्याचा दाखला चालत नाही, सेंट्रल फॉर्मॅटचा वेगळा काढा लागते, अन् तहसीलच्या चकरा धानकापणीच्या दिवसात किती जड जातात हे सांगाले नको, म्हणून नेटचा फॉर्म भरला त्याच हप्त्यात सेतूत अर्ज टाका. माझ्या ओळखीतल्या एका पोरीचं लग्नानंतरचं नाव मार्कशीटशी जुळत नव्हतं, ॲफिडेव्हिट करता करता मुलाखतीची तारीख निघून गेली, मले अजून त्याची हळहळ वाटते.

प्रपोजल, म्हणजे काय संशोधन करणार त्याचा आराखडा, दोन-तीन पानाचं असलं तरी त्यात प्रश्न एकच ठेवा, आपल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रोज दिसते तो. गडचिरोलीत सर्च या संस्थेनं असाच एक प्रश्न धरला, घरी जन्मलेलं बाळ घरीच वाचवता येते का, 39 गावांत बायांना शिकवून करून पाहिलं, 1999 मधे ते लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे छापून आलं अन् पुढं आशाताईंच्या घरभेटी त्यातूनच आल्या.

पीएचसीत नोकरी असंल तं पार्टटाइम करता येते, पण ऑफिसची एनओसी (ना हरकत पत्र) लागते, अन् अभ्यासाले वेळ देऊ, कोर्सवर्कले (पीएचडीच्या वर्गांले) गरज पडली तं ड्युटीतून सोडू, हे त्यात लिहून घ्या. अन् एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाची तपासणी करणाऱ्या समितीची, मंजुरी हातात आल्याशिवाय गावात एकही फॉर्म भरू नका.